देवळीतलं खारं पानी

मुगाच्या शेंगा काळ्या पडाया लागल्या की मला आता समिंदराची याद येती. बीडजवळच्या पालीच्या बाईला समिंदराची याद कशी यावी? मी तर समिंदर बगितला बी न्हाई. आमच्या इथं लई पानी म्हंजी बिंदुसरेचं धरन, आन त्येबी भरलं तर. पन त्या सालापास्नं असं झालंय खरं. सरावन लागतो, रानात मूग तडकतो, आन माझ्या जिभंवर आपोआप खारट चव येती. मी खाल्लेलं काय नसतंय. तरी येती.

दीपाली म्हंजी माझी नात, माझ्या पोराची, भास्करची लेक. ती लई शिकली. इतकी शिकली की काय शिकली त्ये मला सांगता येत न्हाई. बाया इचारत्यात, "नात काय करती?" मी म्हनते, "समिंदराकाठी चिखल बगती." बाया म्हनत्यात, "आन लगीन?" मी म्हनते, "चिखल बगून झाल्यावर."

त्या साली ती पंचमीला आली त्ये मांडीवर एक पांढरा हलका डबा घिऊन. तिच्या कालेजात बांधकाम निघालतं, सगळीकडं सिमिटाची धूळ, म्हनून तिच्या म्याडम म्हनल्या, ज्याचं त्यानं घरी न्या आन जपा. पोरीनं येष्टीत रातभर त्यो डबा मांडीवरून खाली ठिवला न्हाई. कंडक्टरनं म्हनं इचारलं, "ताई, पेढे हायेत का?" ही म्हनली, "चिखल हाय." त्यो गप तिकीट फाडून म्होरं गेला.

डब्यात झाकनाच्या बशा निघाल्या, पानाच्या डबीएवढ्या. आत पेज थंड होऊन थिजल्यावानी काईतरी. मी उजेडात धरून बगितलं. पेजच. "ह्यात काय हाय माय?" ती म्हनली, "अमीबा."

आता आमच्याकडं दारात कुनी आलं आन आतून "कोन हाय?" म्हनलं, की भायेरचा म्हनतो, "आमी, बा." म्हंजी वळखीचाच हाय, नाव सांगायची गरज न्हाई. म्हनून मी म्हनले, "त्ये कळलं, पन तुमी कोन?" दीपाली इतकी हसली की बशी भुईवर ठिवावी लागली. मला कळंना कावून हसती. मंग तिनं समजावून सांगितलं. एक जीव असतो म्हनं. त्येला हात न्हाई, पाय न्हाई, तोंड न्हाई, डोळा न्हाई. जिकडं जायचं तिकडं अंगच म्होरं ढकलायचं, मंग त्ये अंगच पाय व्हतंय. खायाचं असंल तर अंगानंच कवळा घालायचा. मी ऐकलं. मान हलवली. रातीला आडवी पडल्यावर इचार केला, अंगच पाय व्हतंय तर मंग अंग कुटं राहतंय? आज बी जमलं न्हाई मला त्ये.

"आज्जी, ही सुटी राहनारी हाय," ती म्हनली. "काही अमीबा दुसऱ्याच्या अंगात घर करत्यात. हिचं तसं न्हाई. आपली आपली चिखलात राहती, फिरती, खाती."

"म्हंजी वायली निघालेली," मी म्हनले.

माझी धाकली जाऊ पारू उंबऱ्यात बसून लसून सोलत व्हती. ती म्हनली, "नशीबवान हाय मंग. सासू न्हाई, जाऊ न्हाई."

"जाऊ नसंल तर भांडायचं कुनाशी?" मी म्हनले.

"भिताडाशी," पारू म्हनली. "तुमी तर भिताडाशी बी जिकत्याल आक्का."

पारू आन मी, दोघी बी रांडमुंड, एकाच आंगनात दोन चुली. आमचं असंच चालतंय.

चिखल कुटला त्ये बी मी इचारलं. दीपाली म्हनली, खाडी हाय. खाडी म्हंजी समिंदर जमिनीत घुसतो ती जागा. तिथं कारखान्यांचं पानी येतंय, गावाची घान येती, चिखल काळा कुळकुळीत, वर त्येलाचे रंग तरंगत्यात, आन वास असा की रुमाल बांधला तरी डोळ्यातून पानी. त्यात उतरून ही चिखल काढती. मला वास म्हनल्याबरूबर कळलं. ऊस तोडाया जायचो तवा आमची पाचटाची कोपी, म्हंजी झोपडी, साखर कारखान्याच्या मळीच्या नाल्याकाठी पडायची. पयल्यांदा वकारी यायची. मंग भाकर खाताना बी वास लागायचा न्हाई. गावाकडं परत आल्यावर चांगल्या हवेत उलटं चुकल्यावानी व्हायचं. मानूस कशाकशात राहतंय, म्हनून मला त्या जिवाचं नवल न्हाई वाटलं. नवल वाटलं त्ये दुसऱ्याच गोष्टीचं.

ती म्हनली, "आज्जी, ही जात बहुतेक नवी हाय."

"नवी म्हंजी? आत्ता जन्मली का?"

"न्हाई. लई जुनी असंल. पन आजवर कुनी बगितली न्हाई, नाव दिलं न्हाई."

 सून घरात आली की आमी म्हनतो नवी आली. ती कुटं नवी असती? तिच्या आयीला इचारा. पन दीपालीच्या तोंडावर असा उजेड व्हता की मी म्हनले, असंल बाई नवी. तुझ्या पुस्तकात नवीची जागा निराळी असंल.

पन त्यात एक घोर व्हता. त्या खाडीत दीपाली पुन्ना पुन्ना गेली, त्याच जागी चिखल काढला, पन ही जात पुन्ना काय घावली न्हाई. जी हाय ती ह्या बशांतच. आन नवी हाय का न्हाई त्ये ठरवायला ती जित्ती लागती. तिचं चालनं बगायचं, रूप बगायचं, तिच्या आतलं काईतरी काढून मशिनीत वाचायचं, मंग जगातल्या समद्या जातींशी ताडून बगायचं. तवर ती जगली पाह्यजे. मी म्हनले, "आन मेली तर?" दीपाली म्हनली, "तर मंग मी काय बगितलं व्हतं, त्ये कुनाला दाखवू आज्जी? मलाच वाटाया लागंल, मी बगितलंच नव्हतं."

त्या अमीबाला खारं पानी लागायचं. गोड्या पान्यानं ती फुगून फुटती म्हनं. म्हनून दीपालीनं समिंदराच्या पान्याची बाटली आनलती, उकळून गाळून साफ केलेली, तोंडाला चांदीचा कागद गुंडाळलेला. रोज ती बशीत थेंब थेंब सोडायची. बाटली ठिवायला घरात गार जागा एकच, देवाची देवळी. अंधारी, जाड भिताडातली, पोराबाळांचा हात न पोचनारी. दीपालीनंच तिथं ठिवली, खंडोबाच्या टाकाशेजारी. मी म्हनले बरं झालं, देवाची राखन व्हईल.

पंचमी झाली आन पाऊस गेला. आमच्याकडं सरावनात बी उन्हाळा पडतो, त्येचं काय सांगायचं. पत्रा तापायचा, मूग उभ्या उभ्या तडकायचा. त्या सोमवारी मी शेंगा तोडाया रानात गेलते. दीपाली बीडला गेलती, तिनं संगं आनलेल्या, बारीक जीव बगायच्या यंत्राचा दिवा उडालता म्हनून. घरी पारू. सोमवारच्या बाया कहानी ऐकाया आमच्याच ओसरीवर जमत्यात.

मी वटीत शेंगा घिऊन आले, तर आंगनात समद्या बायांची तोंडं वाकडी. कुनी पदर तोंडाला लावलाय, कुनी जीभ भायेर काढून हवा घेतीय. "काय झालं गं?"

पारू पळी हातात धरून उभी. मोठ्या मानानं म्हनली, "आक्का, आपली दीपा समिंदरावरून तीर्थ घिऊन आली आन बोलली बी न्हाई बगा. मीच वाटलं समद्यांना."

मी देवळीकडं बगितलं. बाटली रिकामी. चांदीचा कागद घडी करून देवापुढं ठिवलेला.

आता तिला तरी काय म्हनावं? आमच्या गावात कुनी लांबून पान्याची बाटली आनली, तोंड बांधून, आन देवळीत ठिवली, तर त्ये तीर्थ न्हाई तर काय असतंय? काशीचं असंच येतं, रामेश्वराचं असंच येतं. वर कुनी चिठ्ठी लावत न्हाई. बाया पळी पळी प्याल्या, डोळ्याला लावलं, उरलेलं घरात शिपडलं आन शेवटचं तुळशीला. तुळशीनं सांजपतोर मान टाकली.

"लई कडक तीर्थ व्हतं पन," एक बाई म्हनली. "पाप जळाल्यावानी झालं गळ्यात."

दीपाली बीडहून आली. तिनं बाटली बगितली.  खाली बसली आन पायातली चप्पल काढायची तिच्या ध्यानात आली न्हाई. "म्याडमला फोन लाव," मी म्हनले. तिनं लावला. कालेजला कुलूप, कुनी न्हाई, पानी पाठवायचं म्हनलं तर पोचायला लई वेळ. आन बशा तर आधीच वाळाया लागलेल्या, कडंनं पेज सुटलेली.

पारूला कुनी तरी सांगितलं त्ये तीर्थ नव्हतं. ती धावत आली. "दीपे, माझ्या पोटात गेलं का गं त्ये तुझं जनावर?"

"न्हाई पारुआज्जी. पानी साफ व्हतं. जनावर बशीत हाय."

"मंग माझं पोट फाडून पानी काढून घे बाई," पारू म्हनली, आन रडाया लागली. तवा दीपालीला हसू आलं, आन हसता हसता तीबी रडली. मी शेंगा निवडत बसले. दोघी रडताना तिसरीनं कायतरी करावं लागतंय.

दुसऱ्या दिशी तिनं यंत्रातून बगितलं, आन मला हाक मारली. मी डोळा लावला. मला आपल्या त्या माझ्याच पापन्या दिसत्यात, काळ्या काळ्या, हलत्या. "वाईच मागं सर आज्जी. आता?" मंग कुटंतरी उजेडात जोंधळ्याच्या दान्यावानी गोल गोल दिसलं. मी म्हनले, जोंधळा हाय. ती म्हनली, "त्याच हायेत त्या. परवापतोर अंग पसरून फिरत व्हत्या. आता गोळा झाल्यात."

"मेल्या का?"

"कळत न्हाई. काही जाती वाळाया लागलं की सोताभोवती कवच करून आत निजत्यात. वरीस वरीस निजत्यात. पन हिच्यासारख्या दिसनाऱ्या ज्या जाती म्हाईत हायेत, त्या तसं करत न्हाईत. त्या मरतात. ही मेली असंल तर हीबी त्यातलीच. निजली असंल तर…" तिनं पुन्ना डोळा लावला. "मंग ही कोन हाय त्येच मला कळत न्हाई."

"निजलेली आन मेलेली येगळी दिसत न्हाई का?"

"ह्या यंत्रात न्हाई."

"मंग कळतं कसं?"

"पानी घालून बगायचं. उठली तर निजलेली."

खारं पानी कुटनं आनावं? म्याडम फोनवर म्हनल्या, मिठाचं करून बगा. घरातलं पुडीचं मीठ चालायचं न्हाई म्हनं, त्यात औशिद असतंय. जाडं मीठ पाह्यजे, समिंदराचं. मी गेले हमीदच्या दुकानात.

हमीद म्हनला, "जाडं मीठ? मावशी, गुरं तर तुमी इकली. कुनाला घालताव?"

"समिंदर करायचाय."

"करा करा. भरला की सांगा, म्या होडी घालतो. धरनावर तर औंदा बी जमायची न्हाई."

दीपालीनं तिच्या बोटाएवढ्या काट्यावर मीठ तोललं, उकळलं, फडक्यानं गाळलं. पारू म्हनली, "द्या इकडं, मी सांगते बरूबर झालंय का. मीच तर प्यालेय पयलं." आन बोट बुडवून चाटलं. "असंच. पन त्ये कडू जास्त व्हतं." दीपाली म्हनली, "असंल, त्यात आनखी काय काय असतंय." पारूला एवढं मोठं वाटलं की ती दिसभर आळीत सांगत फिरली, मी तपासलं म्हनून.

बशीत पानी घातलं. मंग वाट बगायची.

त्या वाट बगन्याच्या दिसांत मी लई गोंधळून गेले. दीपाली दर घटकंला डोळा लावून बसायची, "न्हाई आज्जी" म्हनायची. मी चुलीपुढं बसून भाकरी टाकायचे आन माझ्या मनात दुसराच सरावन फिरायचा, लई मागचा. भास्करचा बाप इहिरीच्या कामावर गेलता आन दरड बसली. माती काढून मानूस काढला. त्ये समदं झालं, तेरावं झालं, पावनं गेलं, आन मी भिताडाला टेकून बसले. बसले त्ये बसलेच. म्हनत्यात मी बोलले न्हाई, रडले न्हाई, गुडघ्यात डोकं घालून गोळा होऊन बसलते. भास्कर दुधाचा. त्येला पारूनं आपल्या पोरासंगं पाजला. बाया दारातून डोकवायच्या आन म्हनायच्या, ही संपली. मला ऐकू यायचं. पन त्ये माझ्याविषयी बोलत्यात असं वाटायचं न्हाई.

मी निजलेली व्हते का मेलेली? मला त्ये तवा बी म्हाईत नव्हतं. आता दीपाली त्या दान्यांकडं बगून त्येच इचारती तर मी काय सांगू? आतून बी कळत न्हाई, एवढंच मी सांगू शकले असते. पन त्याचा तिला उपेग काय? 

आन उठले कशी? लोकं म्हनत्यात भास्कर तापला म्हनून उठले. सासू म्हनायची नवस फळला. मला जे आठवतंय त्ये निराळंच हाय. पारू चुलीवर भाकर टाकत व्हती, लेकुरवाळी झाली तरी वयानं पोरगीच, हात बसलेला नव्हता. भाकर उलटताना मोडली. तिनं तुकडा जुळवला, पुन्ना मोडली. तिनं इकडं तिकडं बगितलं, कुनी बगत न्हाई ना, आन त्यो तुकडा गपकन तोंडात टाकला, चटका बसला, आन फू फू करत नाचाया लागली. मला हसू आलं. त्येच. भाकर तर तिची रोजच मोडत असंल. मंग त्याच दिशी कावून? माझ्यावर कुटलं पानी पडलं त्या दिशी? लई वेळा इचार केला. सापडत न्हाई. आन माझ्यावानीच बसलेली गावात आनखी एक व्हती, माझ्याच वयाची. तिच्या घरात बी भाकर मोडतच असंल. ती न्हाई उठली.

एका सकाळी दीपालीनं हाक मारली त्ये निराळ्या आवाजात. "आज्जी, पळ!" माझे हात पिठाचे. पारू बी आली. दीपाली श्वास धरून बोलती, "बग, कवचाला भोक पडलंय. ती भायेर येती. अंग काढून घेती बग, हळूहळू."

मी डोळा लावला. उजेड. पापन्या. त्यात काईतरी पात्तळ, पान्यात पान्यानं हलल्यावानी. का माझा डोळा पानावला व्हता? मी "व्हय व्हय" म्हनले. खरं सांगते, मला काय दिसलं त्ये मला आज बी म्हाईत न्हाई. पारूनं डोळा लावला आन लगीच म्हनली, "दिसली! हिरवं लुगडं नेसलीय." दीपालीनं तिला मिठीच मारली.

"त्ये टरफल ऱ्हायलं त्येचं काय व्हतं?" मी इचारलं.

"ऱ्हातं तसंच. रिकामं."

"आन बाकीच्या?"

दीपालीनं पुन्ना बगितलं. बशीत बरेच दाने व्हते. "थोड्या उठल्यात. बाकीच्यांचं सांगता येत न्हाई." त्येवढ्या थोड्यांना घिऊन ती सरावन सरायच्या आत परत गेली, डबा मांडीवर. मी तिला मुगाचे लाडू बांधून दिले, कंडक्टरनं इचारलं तर द्यायला.

त्येला आता काही वर्सं झाली. लई चालतंय म्हनं त्ये काम. आतलं काढून मशिनीत वाचायचं, दूरदेशी पाठवायचं, तिथली मानसं म्हनत्यात असं न्हाई तसं बगा, पुन्ना बगायचं. ती फोन करायची, मी इचारायचे, "कळलं का कोन हाय?" ती म्हनायची, "अजून न्हाई." मला त्येची सवय झालती. मानसाचं बी असंच असतंय, संगं चाळीस पन्नास वर्सं काढली तरी अजून न्हाई. पारूचंच घ्या.

औंदा मूग बरा हाय. काल शेंगा वाळाया टाकत व्हते तर फोन वाजला. दीपालीचा आवाज, पन दम लागलेला, जिना चढून आल्यावानी. "आज्जी, नवी निघाली गं! ठरलं. समद्यांनी मान्य केलं. अशी दुसरी कुटंच न्हाई."

मी म्हनले, "बरं झालं माय. खाल्लंस का काई?"

"ती कवच करून निजती ना, तिथंच ती येगळी पडली. आपल्या घरात कळलं त्ये."  मंग म्हनली, "आज्जी, त्या खाडीवर गेलते काल. भराव टाकलाय. समदा मुरूम आन दगड. वरून आता रस्ता जानार म्हनं. चिखल काय ऱ्हायलाच न्हाई."

मी शेंगांवर हात फिरवत व्हते. ऊन तापलं की शेंग आपोआप उकलती, टच टच आवाज येतो.  आनंदाची खबर हाय का दुखाची? ती हसतीय का रडतीय? नवी म्हनून त्या जातीला जगानं आज मानलं, आन हिचं गाव तर बुजून बी गेलं.

"दीपे," मी म्हनले, "तिला म्हाईत हाय का, खाडी बुजवली त्ये?"

"न्हाई गं आज्जी. तिला कसं कळनार? तिला डोकंच न्हाई."

"मंग तू सांगू नगंस," मी म्हनले. "पानी तेवढं टाकत जा."